केमोथेरपी आणि रक्तातील चरबी

केमोथेरपी म्हटले की केस गळणे, उलट्या आणि अशक्तपणा आठवतो. काही औषधांनी रक्तातील चरबी, विशेषतः ट्रायग्लिसराइड, वाढते हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

स्तनाच्या व मोठ्या आतड्याच्या कर्करोगात कॅपेसिटाबिनच्या गोळ्या देतात. थोड्या रुग्णांत त्यांनी ट्रायग्लिसराइड झपाट्याने वाढते. चरबीचे विघटन करणाऱ्या एन्झाइमचे काम मंदावत असावे, असे मानले जाते. मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात अ‍ॅस्परॅजिनेज आणि स्टिरॉइड एकत्र दिल्यावरही असे घडू शकते. मधुमेह, स्थूलपणा किंवा दारूचे व्यसन असल्यास धोका वाढतो.

उपाशीपोटी तपासलेले ट्रायग्लिसराइड १५० मिलिग्रॅमच्या आत असावे. ते ५०० च्या पुढे गेले की उपचार हवेत आणि १००० ओलांडले तर स्वादुपिंडाला सूज येण्याची भीती असते. ही सूज जिवावर बेतू शकते. पोटाच्या वरच्या भागात असह्य वेदना, ती पाठीकडे जाणे व उलट्या ही तिची लक्षणे. घरचे लोक त्याला 'केमोचे पित्त' समजून सोडा पाजतात आणि मोलाचा वेळ जातो.

कॅपेसिटाबिन घेणाऱ्या एका मधुमेही बाईंचे रक्त मी तपासायला पाठविले, तेव्हा त्यातील पाण्यासारखा भाग दुधासारखा पांढरा निघाला. ट्रायग्लिसराइड हजारावर होते, त्रास मात्र काहीच नव्हता. ताकद यावी म्हणून सून रोज डिंकाचा लाडू, साजूक तूप व फळांचा रस देत होती. तिची माया खरी होती, पण पथ्य चुकत होते. त्यांच्या कर्करोगतज्ज्ञांशी बोलून औषध सुरू केले, आहार बदलला, साखर आटोक्यात आणली. दीड महिन्यात आकडा बराच खाली आला आणि कर्करोगाचे उपचारही पुढे चालू राहिले.

म्हणून केमोथेरपीपूर्वी आणि ती चालू असताना रक्तातील चरबी तपासावी का, हे आपल्या डॉक्टरांना जरूर विचारा. चरबी वाढल्यास तूप, तळलेले, गोड व फळांचे रस टाळा, दारू पूर्ण बंद करा. डाळी, उसळी, अंड्याचा पांढरा भाग, ताक मात्र चालू ठेवा. रुग्णाला प्रथिने लागतातच. पोटात जोराचे दुखू लागल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठा. एरवी केवळ अहवालातील आकडा पाहून कर्करोगाच्या गोळ्या मनाने बंद करू नका. तो निर्णय तज्ज्ञांचा आहे.