चेहरा ओळखीचा, गाव अमरावती!

'उमराव जान'मधले मौलवीसाहेब आठवतात? १९८१ च्या त्या सिनेमात लखनवी अदब पडद्यावर आणणारा हा माणूस जन्मानं पक्का वऱ्हाडी. गजानन जागीरदार. जन्म २ एप्रिल १९०७, अमरावती. चेहरा घराघरांत पोहोचला, नाव मात्र आज अमरावतीतही फारसं कुणी घेत नाही. म्हणून हा खटाटोप.

मौलवीच्या चाळीस वर्षं आधी जागीरदार 'मिर्झा' झाले होते. साल १९४१, प्रभातचा 'शेजारी', दिग्दर्शक व्ही. शांताराम. एका गावातले दोन जिवलग शेजारी, एक हिंदू, एक मुसलमान. धरणाच्या कारस्थानात दोघांत वितुष्ट येतं आणि शेवटी धरण फुटतं तेव्हा दोघे एकमेकांचा हात धरून जातात. मराठीत हिंदू शेजारी जिवबा झाले केशवराव दाते. खरी गंमत याच सिनेमाच्या हिंदी आवृत्तीत, 'पडोसी'त. तिथे ठाकूर झाले मजहर खान आणि मिर्झा पुन्हा जागीरदारच! म्हणजे मुसलमान नट हिंदूच्या भूमिकेत, हिंदू नट मुसलमानाच्या. देशात फाळणीची भाषा सुरू झाली होती त्या दिवसांत शांतारामबापूंनी ही अदलाबदल केली. नुसत्या भूमिकावाटपातून इतकं बोलणारा दुसरा सिनेमा मला तरी दिसत नाही.

मग १९४४ चा 'रामशास्त्री'. राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सुनावणारे न्यायाधीश साकारले जागीरदारांनी. दिग्दर्शकांत राजा नेने, विश्राम बेडेकर यांच्यासोबत त्यांचंही नाव. आनंदीबाई होत्या ललिता पवार. आणि इथे एक अमरावती-योग जुळतो: १९४२ मध्ये चित्रीकरणात ललिताबाईंना जी थप्पड जोरात बसली आणि डावा डोळा कायमचा अधू झाला, ती मारणारे भगवानदादाही अमरावतीतच जन्मलेले, १९१३ साली! 'अलबेला'वाले भगवानदादा आपले, हे निदान काहींना ठाऊक असतं. जागीरदारांच्या वाट्याला तेवढंही आलं नाही.

१९४७ चा 'जेलयात्रा' पाहिलात तर तरुण राज कपूर दिसेल, दिग्दर्शक जागीरदार. 'हम दोनो'त ते देव आनंदसोबत आहेत.

पुण्यात १९६० मध्ये सरकारनं फिल्म इन्स्टिट्यूट काढली ती प्रभात स्टुडिओच्याच जागेत. तिचे पहिले संचालक जागीरदार. ज्या आवारात त्यांनी मिर्झा आणि रामशास्त्री रंगवले, तिथेच नव्या पोरांना सिनेमा शिकवण्याची जबाबदारी त्यांच्यावर आली. नटाला याहून मोठा मान कोणता?

थकणं त्यांना माहीत नव्हतं. वय ऐंशीच्या घरात असताना त्यांनी दूरदर्शनसाठी 'स्वामी' मालिका दिग्दर्शित केली. माधवराव पेशवे रवींद्र मंकणी, रमाबाई मृणाल देव, म्हणजे आजच्या मृणाल कुलकर्णी. रामशास्त्र्यांची पेशवाई अशी पुन्हा त्यांच्या हाती आली. १३ ऑगस्ट १९८८ ला ते गेले.

टीव्हीवर पुढच्या वेळी 'गाईड' लागला की नायक राजूला साधू मानणाऱ्या गावातला भोला नीट पाहा. तो जागीरदारांनीच केलाय. शेजारी बसलेल्या पोरांना सांगा, हा माणूस आपल्या अमरावतीचा.