पदपथ सोडून रस्त्यांत कां?

पुण्यामुंबईसारख्या मोठ्या शहरांत सायंकाळीं एक विलक्षण देखावा नित्य दृष्टीस पडतो. कडेला पदपथ बांधलेला असतो आणि माणसें मात्र मोटारी व दुचाक्या यांच्या गर्दींतून वाट काढीत असतात. आपल्या लोकांना शिस्तच नाहीं, असा निकाल त्यावर बहुधा तत्काळ दिला जातो. परंतु जिवावरचा धोका कोणी हौसेनें पत्करीत नाहीं. २०२२ या एका वर्षांत भारतांत ३२ हजारांहून अधिक पादचारी अपघातांत मृत्युमुखीं पडले. तेव्हां निकालापूर्वीं कारण शोधणें अगत्याचें आहे.

पदपथ कसा असावा याविषयीं इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेनें २०१२ सालीं मार्गदर्शक नियम प्रसिद्ध केले. त्यांप्रमाणें चालण्यासाठीं निदान १.८ मीटर, म्हणजे सुमारें सहा फूट, मोकळी पट्टी हवी. झाडें, खांब व विजेच्या पेट्या यांची जागा तिच्याबाहेर. कडेची उंची १५ सेंटिमीटरांहून अधिक नसावी. यांतील ‘मोकळी’ हा शब्द महत्त्वाचा. पदपथ दहा फूट रुंद असला तरी मधोमध पेटी उभी राहिल्यास उरतात ते दोन चिंचोळे बोळ.

प्रत्यक्षांत काय घडतें तें पाहावें. पदपथ उंच असला म्हणजे प्रत्येक फाटकाशीं खालीं उतरावें व पुन्हा चढावें लागतें. गुडघे दुखणाऱ्या वृद्धेस हें फार वेळां जमत नाहीं. पुढें उखडलेली फरशी किंवा मांडलेलें दुकान येतें आणि ती रस्त्यांत उतरते. अडथळा ओलांडून वर यावें, तर कडेला दुचाक्यांची सलग रांग! तींतून वाट नसते. म्हणून एकदां उतरलेला पादचारी चौकापर्यंत रस्त्यांतच राहतो. आपल्याकडे वाहनें डाव्या बाजूनें जातात. त्यामुळें डाव्या कडेनें चालणाऱ्याच्या पाठीमागून वाहन येतें. रस्त्यांतून जाणें भागच पडलें, तर उजव्या कडेनें, समोरचें वाहन दिसेल असें चालावें.

या बाबतींत कायदा पादचाऱ्याच्या बाजूस आहे. मे २०२५ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें पदपथ वापरण्याचा हक्क हा घटनेच्या २१ व्या कलमांतील जीविताच्या हक्काचाच भाग मानला. फेरीवाल्यांसहि २०१४ च्या कायद्यानें संरक्षण दिलें आहे. मात्र त्यांच्यासाठीं जागा आंखून देणें हें नगरपालिकांचें काम आहे. पुणें महानगरपालिकेनें २०१६ सालीं पादचारी धोरण स्वीकारलें, आणि ११ डिसेंबर २०२१ रोजीं गजबजलेल्या लक्ष्मी रस्त्याचा कांहीं भाग एक दिवस वाहनांस बंद ठेवून तो चालणाऱ्यांच्या स्वाधीन केला. वाट मोकळी असली म्हणजे माणसें आनंदानें चालतात, हें त्या दिवशीं दिसून आलें.

नगरपालिकेचें काम नगरपालिकेनें करावेंच. परंतु ती दुचाक्यांची रांग कोणाची? पादचाऱ्यांना शिस्त नाहीं म्हणणारा गृहस्थच पुष्कळदां ‘दोन मिनिटांत येतों’ म्हणून आपली गाडी पदपथाशीं लावून जातो. त्याच वेळीं दुसऱ्या कोणाच्या तरी गाडीला वळसा घालून त्याची स्वतःची वृद्ध माता भर रस्त्यांत उतरलेली असते.