पेसाखमध्ये कुत्र्याला काय घालावे?

पेसाखची साफसफाई सुरू झाली की कपाटे, फ्रीज, नातवंडांची दप्तरेसुद्धा झटकली जातात. पण बाल्कनीतली कुत्र्याच्या खाद्याची गोणी ध्यानातच येत नाही. आपल्या पणज्या या सणाला 'अनाशी ढाकायचा सण' म्हणत, कारण आंबट पेयाचे भांडे या दिवसांत झाकून ठेवीत. आज पुष्कळ घरांत या गोणीचेही तोंड बांधावे लागेल.

हामेत्स नुसते खाण्यालाच मनाई नाही. ते मालकीत ठेवणे आणि त्याचा उपयोग करून घेणेही मना आहे, आणि कुत्र्याला घालणे हा उपयोगच झाला. म्हणून पाकिटावरची बारीक अक्षरे वाचावीत. खिटा म्हणजे गहू, सेओरा म्हणजे जव, शिफोन म्हणजे राय, शिबोलेत शुआल म्हणजे ओट, आणि कुस्मिन ही गव्हाचीच जुनी जात; यांतले काही नको. 'लेलो दगानिम', म्हणजे धान्यविरहित, असे छापले असले तरी शेवटपर्यंत वाचा. त्यात कधी कधी शिमरे बीरा, म्हणजे बिअर करताना उरलेले यीस्ट, घातलेले असते. तांदूळ आणि मका चालतो. जे अश्केनाझी स्वतः भात खात नाहीत, तेही जनावराला तो घालू शकतात. हामेत्सबरोबर विकलेल्या गोणीतून मात्र मूठभरही काढू नये. सण संपेपर्यंत ती आपली नाही.

खाद्य एकदम बदलले की कुत्र्याला जुलाब होतात. आठ-दहा दिवस आधीपासून जुन्यात थोडे थोडे नवे मिसळत जावे. धडधाकट मोठ्या कुत्र्याला सात दिवस घरचा मऊ भात आणि हाडे काढलेली उकडलेली कोंबडी चालते, पण मीठ-मसाला न घालता. पिल्लू, म्हातारे किंवा आजारी जनावर असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे.

हलाखापेक्षाही मला जास्त भीती वाटते ती आपल्याच जेवणाच्या टेबलाची. मटणाच्या रश्श्यात कांदा-लसूण असतो, आणि त्याने कुत्र्याचे रक्त बिघडते. लघवी गडद होते, हिरड्या फिक्या पडतात, तेही काही दिवसांनी, त्यामुळे कारण लक्षात येत नाही. शिजलेले हाड फुटून आतड्यात रुतते. आणि मनुका! किद्दूशच्या शरबताच्या, खारोसेथमधल्या, मलिद्यातल्या. मनुका आणि द्राक्षांनी कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, आणि किती मनुकांनी बाधेल याचा नेम नाही.

हे मला ठाऊक नव्हते. एका शुक्रवारी शरबत गाळून चोथा ओट्यावर ठेवला आणि मेणबत्त्या शोधायला गेले. परत आले तर वाडगा जमिनीवर, चाटूनपुसून लख्ख. गोड खाल्ले, बिचारीला मजा, असे म्हणून मी हसले. सुनेने मोबाईलवर बघितले आणि गाडीची किल्ली उचलली. डॉक्टरांनी लगेच उलटी करवली, दोन दिवस सलाइन लावले, म्हणून ती वाचली. उलट्या सुरू होण्याची वाट पाहिली असती तर उशीर झाला असता, असे ते म्हणाले. घरी मीठ-पाणी पाजून उलटी काढू नये, त्यानेही जीव जातो. काय खाल्ले, किती, केव्हा, आणि कुत्र्याचे वजन किती, एवढे सांगता आले पाहिजे.

सेदेरच्या रात्री नेहमीचा दवाखाना बंद असतो. रात्री उघडा असणारा दवाखाना जवळपास कोणता, हे आधीच विचारून त्याचा नंबर फ्रीजवर चिकटवून ठेवा.