उत्तर न आलेली प्रार्थना

देवाने हाक ऐकली नाही, तर श्रद्धा टिकवावी कशी? अंबडचे श्रोते कीर्तनानंतर आम्हांस हे वारंवार विचारतात. नाताळच्या पर्वात आम्ही याचे उत्तर एका ख्रिस्ती घरात शोधीत आहोत. ते घर आपल्या नाशिकचेच सोयरे आहे.

नाशिकजवळील जलालपूरच्या लक्ष्मीबाईंचे पती, कवी नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली मुंबईस बाप्तिस्मा घेतला आणि संसार दुभंगला. पत्नी परत यावी ही तळमळ काही वर्षे अपुरीच राहिली. तरी टिळकांनी येशूची कास सोडली नाही. पुढे लक्ष्मीबाई आल्या त्या आपले सोवळे सांभाळूनच. १९०० साली त्यांनी स्वतःच्या मनाने बाप्तिस्मा घेतला.

प्रत्येक हाकेला असे फळ येतेच, असे मात्र नाही. टिळकांचे ‘ख्रिस्तायन’ १९१९ साली त्यांच्या निधनाने अपुरे राहिले. ते लक्ष्मीबाईंनी पुढे चालविले. प्रत्यक्ष येशूने गेथशेमाने बागेत दुःखाचा प्याला टळावा म्हणून प्रार्थना केली. तो टळला नाही. तरी क्रुसावरून त्याने टाहो फोडला तो पित्यापाशीच.

गीतेच्या सातव्या अध्यायात भगवंतांनी आर्तालाही सुकृती भक्तांत गणले आहे. ज्यांचे ऋण टिळक मानीत, ते तुकोबाही विठ्ठलाशी भांडले. पण त्याच्याशी अबोला धरला नाही. फळ मिळाल्यावर उपजते ती कृतज्ञता. फळावाचून तगते ती श्रद्धा. भाविकहो, उत्तर आले नाही तरी हाक थांबू देऊ नये.