पक्षाचा उमेदवार, मत मात्र मोकळे!

नागपूर - अमेरिकेत 2008 मध्ये बराक ओबामा आणि हिलरी क्लिंटन यांच्यातील चुरस रंगली, तेव्हा 'सुपरडेलिगेट' हा शब्द आपल्याकडेही चर्चेत आला. डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनातील बहुतेक प्रतिनिधी आपापल्या राज्यातील कौलाने बांधलेले असतात. पक्षाचे खासदार, गव्हर्नर व पदाधिकारी मात्र कोणालाही मत देण्यास मोकळे होते. या मुभेला 2018 मध्ये कात्री लागली. उमेदवारीचा निर्णय आधीच झालेला नसेल, तर पहिल्या फेरीत त्यांना आता मत देता येत नाही.

आपल्याकडे हे मोकळेपण उमेदवार ठरल्यानंतर सुरू होते. राष्ट्रपतिपदाचा उमेदवार मोजके नेते निवडतात. मत देतात निर्वाचित खासदार आणि आमदार. हे मतदान सभागृहाच्या कामकाजात मोडत नसल्याने त्यासाठी पक्षादेश काढता येत नाही. शिवाय ते गुप्त असते.

या मोकळ्या मतांचे खरे सामर्थ्य दिसले ते 1969 मध्ये. त्यावेळी हंगामी राष्ट्रपती होते नागपूरच्या मॉरिस कॉलेजचे माजी विद्यार्थी, सरन्यायाधीश हिदायतुल्ला. काँग्रेसच्या संसदीय मंडळाने बंगळूरमध्ये नीलम संजीव रेड्डी यांचे नाव निश्चित केले. पंतप्रधान इंदिरा गांधी यांना ते मान्य नव्हते. पण यशवंतराव चव्हाण आणि स. का. पाटील हे दोन्ही मराठी नेते रेड्डींच्या बाजूने गेले. रेड्डींच्या अर्जावर इंदिराजींनी सही केली खरी, परंतु मतदानाच्या तोंडावर 'सद्सद्विवेकबुद्धीने मत द्या' असे आवाहन केले. ज्यांच्या नावावर सही, त्यांच्याच विरोधात हाक!

तिसरे उमेदवार होते जनसंघ व स्वतंत्र पक्षाचे चिंतामणराव देशमुख. पहिल्या पसंतीत व्ही. व्ही. गिरी यांना 4,01,515, रेड्डींना 3,13,548, तर देशमुखांना 1,12,769 इतक्या मूल्याची मते पडली. कोटा कोणीच गाठला नाही. दुसऱ्या पसंतीची बहुतांश मते रेड्डींकडे वळली, तरीही गिरी 4,20,077 विरुद्ध 4,05,427 असे निसटते विजयी झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरात काँग्रेस फुटली.

पुढे 2007 मध्ये प्रतिभाताई पाटील यांच्यासाठी शिवसेनेने भाजपप्रणीत आघाडीची साथ सोडली. तेव्हा मराठी उमेदवार हे कारण होते. मात्र तो निर्णय पक्षप्रमुखांचा होता, एकेकट्या आमदाराचा नव्हे.