एका खंडाचा एकच विद्यार्थी

चीनच्या शिक्षण मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०१८ मध्ये तिथे आफ्रिकेतले ८१,५६२ विद्यार्थी होते. त्यांतल्या अनेकांना आधी चिनी भाषा शिकावी लागते आणि तिथेच एक ठरीव वर्णन त्यांना येऊन चिकटतं: मोकळ्या स्वभावाचे, नाचगाण्याचे शौकीन, बोलण्यात पटाईत, लिहिण्यात कच्चे. चोपन्न देशांना एकदम लागू पडणारं वर्णन मुळातच संशयास्पद म्हणायला हवं. चिनीतले सूरच घ्या. योरुबा किंवा इग्बो बोलणाऱ्याला आवाजाच्या चढउताराने अर्थ बदलतो हे लहानपणापासून अंगवळणी पडलेलं असतं. स्वाहिलीभाषकाला ते नवं असतं. अम्हारिकमधून शिकलेला इथिओपियन विद्यार्थी तर दोनशेहून अधिक अक्षरचिन्हं गिरवून आलेला असतो. या तिघांकडून एकच अपेक्षा कशी ठेवणार?

‘मग आमचा अनुभव खोटा का?’ असं शिक्षक विचारतील. चिनी अक्षरं बहुतेकांना जड जातात, हे खरंच. पण ती युरोपीय विद्यार्थ्यालाही जड जातात. त्याच्याबाबतीत दोष लिपीच्या अवघडपणाला दिला जातो, आफ्रिकनाच्या बाबतीत संस्कृतीला. ‘मौखिक परंपरा’ हे लाडकं कारण तर आफ्रिकेतल्याच टिंबक्टू शहरातल्या जुन्या हस्तलिखितांपुढे टिकतच नाही. विद्यार्थ्याची पार्श्वभूमी माहीत असावी, हे म्हणणं रास्त आहे. मात्र ती खंडाच्या नावात सापडत नाही. आधी कोणत्या भाषा बोललास, कोणत्या लिपीत शिकलास, एवढं प्रवेशाच्या वेळी विचारलं तर पुष्कळदा तीन-चार भाषा निघतात, आणि पाठ कुठून सुरू करायचा तेही कळतं.