संगणक सुरू होत नाही? फॉरमॅटची घाई करू नका

एका सकाळी आमच्या घरच्या संगणकाच्या काळ्या पडद्यावर एकच ओळ आली : ‘ऑपरेटिंग सिस्टीम नॉट फाउंड’. आदल्या रात्री मुलाने दुसरी सिस्टीम टाकून पाहण्याच्या नादात डिस्कची पार्टिशन्स बदलली होती. त्याच डिस्कवर मरहूम अब्बांच्या आवाजातली तिलावत होती आणि तिची दुसरी प्रत कुठेच नव्हती. दुकानदार म्हणाला, “सर, फॉरमॅट करावं लागेल.” अम्मींनी विचारलं, “मग यांचा आवाज?” मी संगणक उचलून घरी परत आणला.

पुस्तकाची अनुक्रमणिका फाटली म्हणून धडे नाहीसे होत नाहीत. डिस्कचेही तसेच आहे. जुन्या एमबीआर पद्धतीत डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटमध्ये पार्टिशन्सची यादी असते. ही यादी अवघी ६४ बाइटची, चार नोंदींची. ती बिघडली की संगणकाला रस्ता सापडत नाही. फाइली मात्र बहुधा जागच्या जागी असतात. नव्या जीपीटी पद्धतीत तर या यादीची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवलेली असते.

असा प्रसंग आला तर आधी बायोसमध्ये डिस्कचे नाव दिसते का ते पाहा. नाव दिसत नसेल किंवा डिस्क टकटक वाजत असेल, तर संगणक बंद करा आणि जाणकाराकडे न्या. नाव दिसत असेल, तर त्या डिस्कवर नवे काहीही लिहू नका, विंडोजही पुन्हा टाकू नका. लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून संगणक चालू करा. ‘टेस्टडिस्क’ हे मोफत साधन हरवलेली पार्टिशन्स शोधते आणि त्यातल्या फाइलींची यादी दाखवते. प्रथम फाइली दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या. यादी दुरुस्त करून लिहिण्याचा पर्याय त्यानंतरच निवडा. तरीही विंडोज सुरू झाले नाही, तर विंडोजच्या पेनड्राइव्हमधील ‘स्टार्टअप रिपेअर’ चालवून पाहा.

आम्हाला दोन तास लागले. अल्हम्दुलिल्लाह, तिलावत सापडली. अम्मी डोळे मिटून ऐकत राहिल्या. मुलगा मान खाली घालून बसला होता. त्याला मी रागावलो नाही, कारण प्रत न ठेवण्याची चूक माझीच होती.

आता ती तिलावत तीन ठिकाणी आहे, त्यातली एक प्रत बहिणीच्या घरी. वडीलधाऱ्यांच्या आठवणी ही आपल्याकडची अमानत आहे. आज रात्रीच एक प्रत काढून ठेवा.